वेचणी थांबवली ते दोन दिवस

चांद्याच्या परकोटाच्या दारापाशी परवा एक बाई टोपलीत ओली मोहफुलं घेऊन बसली होती. मी पुस्तक काखेत धरून, ओठांतल्या ओठांत पाठ म्हणत चाललो होतो, 'मुख्याध्यापकाच्या अंगी पुढील आठ गुण असावेत', आणि तिसऱ्या गुणापाशी तो वास आला. गोड, आंबूस, जरा जड. तिसरा गुण कोणता ते विसरलो. मग चौथा, पाचवा, सगळेच विसरलो. भर रस्त्यात उभा राहिलेला पाहून मागचा सायकलवाला म्हणाला, "भाऊ, बाजूले होऊन सुंगा ना फुलं."

बाजूला झालो. पण वास काही बाजूला झाला नाही.

सोमवारी 'शालाव्यवस्था' या विषयाचा पेपर आहे. नॉर्मल स्कूल, म्हणजे मास्तर तयार करणारी शाळा, तिथल्या आमच्या खोलीत आम्ही चौघे राहतो. बाकीच्या तिघांना गणिताच्या पाठाची धास्ती, मला या पेपराची. ते हसतात. "अबे, तू तं दोन वर्षं हेडमास्तर होता ना जंगलात? तुले कायचं भेव?" आता त्यांना काय सांगू. जिथं शिक्षक एकच असतो तिथं हेडमास्तर तोच, हाताखालचा मास्तरही तोच, आणि सकाळी झाडू मारणाराही तोच. त्या हेडमास्तरकीचा मला काही तोरा नाही. भीती वेगळीच आहे. या पुस्तकाच्या शेवटी सरावासाठी प्रश्न दिले आहेत, त्यांतल्या एका प्रश्नाचं उत्तर मी खऱ्याखुऱ्या गावात एकदा देऊन बसलो आहे. ते चुकलं होतं. 'शाळेच्या हितासाठी ग्रामस्थांचे सहकार्य मुख्याध्यापकाने कसे मिळवावे?' असा तो प्रश्न. पानावर किती निरुपद्रवी दिसतो.

मी सातवी पास. पुढं शिकलो नाही, म्हणजे शिकता आलं नाही. आमचं गाव वैनगंगेच्या काठचं, ब्रह्मपुरीपासून चालत अर्ध्या दिवसावर. सातवीनंतर तीन महिने ब्रह्मपुरीच्या इंग्रजी शाळेत जाऊन बसलो होतो. एका ओळखीच्यांच्या ओसरीवर राहायचो. भाताच्या रोवणीच्या दिवसांत घरून निरोप आला, 'हात कमी पडून राह्यले, ये.' गेलो. चिखलात उतरलो तो उतरलोच. पाटी-पुस्तक ओसरीवरच राहिलं. ते परत मागायला जायची लाज वाटली. मग पुढं तीन-चार वर्षं बांधावर उभा असलो आणि शाळेची पोरं समोरून जाऊ लागली की मी खाली वाकून उगाचच चिखलात काहीतरी शोधायचो.

म्हणून जेव्हा जंगलपट्ट्यातल्या नव्या शाळांसाठी सातवी पास माणसं हवी आहेत असं कळलं आणि माझं नाव लागलं, तेव्हा मला आनंदापेक्षा धसका जास्त बसला. कोणाची तरी चूक झाली असणार, आज ना उद्या लक्षात येईल आणि परत पाठवतील. हा धसका मोटारीत माझ्या शेजारी बसून आलापल्लीपर्यंत आला. तिथून पुढं लाकडं नेणाऱ्या रिकाम्या बैलबंडीत बसलो, तर तिथंही होताच. दोन्ही बाजूंना साग. इतके उंच सरळ साग मी जन्मात पाहिले नव्हते. आमच्याकडं आभाळ बांधापासून बांधापर्यंत असतं. इथं ते रस्त्याएवढंच रुंद होतं.

शाळा म्हणजे कुडाची एक खोली, वर गवत. एक फळा, बसायला बांबूचे तट्टे, घंटेसाठी दोरीला टांगलेली लोखंडी कांब. पटावर एकतीस मुलं. घरी ती गोंडी बोलत, माझ्याशी मराठी. माझी मराठी ऐकून सुरुवातीला खूप हसायची. कोणी कशाला हसतं हे न कळणं याच्यासारखी परदेशी गोष्ट दुसरी नाही. पण महिन्याभरात मीच त्यांच्यासारखा बोलायला लागलो, तेव्हा हसणं थांबलं. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पहिल्या वर्षीचा मार्च मला काहीच कळला नाही. शनिवारी अठ्ठावीस मुलं होती. सोमवारी अकराला कांब वाजवली, तर चार आली. त्यांतल्या एकाच्या पायाला मोठी जखम होती, म्हणून तो. कांब पुन्हा वाजवली. जंगलातून आवाज परत आला, मुलं आली नाहीत. गावात गेलो तर दारं लोटलेली, चुली थंड. मोह गळायला लागला होता. झाडं गावापासून दोन-दोन कोसांवर. ज्याची जी झाडं वाडवडिलांपासून ठरलेली, त्या झाडांखाली अख्खं घर मडकी घेऊन जाऊन राहतं. पहाटे फुलं टपटपतात, ऊन चढेपर्यंत वेचायची, मग वाळवायची, गुराढोरांपासून राखायची. तीन आठवडे असं. वाळलेल्या मोहावर मग पावसाळ्याचे भुकेचे महिने निघतात. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त हजेरीपटावर रोज सत्तावीस फुल्या मारल्या.

त्या फुल्या वर गेल्या आणि जूनमध्ये पत्र आलं. शाळा कसोटीवर आहे, पुढल्या तपासणीत हजेरी निम्म्यावर दिसली नाही तर ती इथून उचलून सडकेलगतच्या गावी नेण्यात येईल. पत्राची भाषा सभ्य होती. मी ते किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. शाळा गेली तर मीही गेलो. सातवी पास माणसाला, तेही शिकवण्याचं शिक्षण नसलेल्याला, दुसरी जागा कोण देणार? आणि एकतीस मुलं. सडकेलगतचं गाव चार कोसांवर, मध्ये नाला. त्यांच्यापैकी एकही तिथं जाणार नव्हतं. त्यांच्याही पाट्या कोणाच्या तरी ओसरीवर राहून जाणार होत्या.

दुसऱ्या वर्षी मी शाळा 'व्यवस्थित' करायला घेतली. तालुक्याहून शालाव्यवस्थेचं जुनं पुस्तक मागवलं, हेच जे आज काखेत आहे, फक्त त्या प्रतीची पानं वाळवीनं खाल्लेली होती. वार्षिक नियोजन केलं. वेळापत्रक भाताच्या पेजेनं भिंतीला चिकटवलं. दाखलखारिज, हजेरीपट, शेरेबुक, सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं घातली. पुस्तकात होतं की मुख्याध्यापकाच्या हातून शाळेत घडणारी प्रत्येक गोष्ट आधी ठरलेली असावी. मला ते वाक्य फार आवडलं. ज्याला कायम वाटत असतं की आता काहीतरी होईल, त्याला असं वाक्य पांघरुणासारखं वाटतं.

आणि मार्चमध्ये डिप्टीसाहेबांचं कार्ड आलं. शाळा तपासणारे ते डिप्टीसाहेब. 'बुधवारी सकाळी अकरा वाजता तपासणी.'

मी बाहेर येऊन झाडांकडं पाहिलं. सागाची पानं गळून गेली होती, पळस पेटला होता, आणि गावाच्या कडेच्या एका मोहाच्या फांद्यांवर कळ्यांचे घोस इतके जड झाले होते की हात लावला तर सुटतील.

गायता म्हणजे गावचा पुजारी. पेरणी कधी, वेचणी कधी, कुठली पूजा आधी, हे तो सांगतो, आणि मग गाव करतं. आमच्या गावचा गायता रैनू. वय विचारलं तर म्हणे, "मोठा महापूर आला तवा मी झाडावर चढाएवढा होतो." त्याच्या अंगणात गेलो तेव्हा तो टोपलीचा काठ वळत बसला होता. बायको मैनीबाई बाजूला चिंचोके भाजत होती. मोहाच्या नव्या फुलांची पूजा मंगळवारी ठरली होती. म्हणजे बुधवारी पहाटेपासून वेचणी.

मी म्हणालो, "गायता, बुधवारी माझे साहेब येणार."

"येऊ दे ना. मोहा खाईन."

"पोरं नसतील तर शाळा जाईल."

त्यानं हात थांबवला. "कुठी जाईन? तिले पाय हायेत?"

मग मी पत्र वाचून दाखवलं. शब्दाशब्दाचा अर्थ सांगितला. मैनीबाईनं चिंचोके हलवणं सोडलं, एक-दोन करपल्याचा वास आला. रैनू पुन्हा काठ वळायला लागला. मी म्हणून टाकलं, "वेचणी एक दिवस पुढं ढकला. साहेब येऊन गेले की सुरू करा."

तो माझ्याकडं बघून हसला. वाईट हसला नाही. "गुरुजी, ढकलाचं मनशीन तं मी मानसं ढकलतो. फुलं तं पडतीनच. त्याहिले तू सांग, थांबा मनून."

"एकच दिवस."

"एक दिवस मन्जे एका घरच्या चार टोपल्या." त्यानं वळलेला काठ दाबून पाहिला. "बरं. तुई शाळा आमचीच हाय. थांबवतो." मग उठला, झाडांकडं जाणाऱ्या पायवाटेवर गेला आणि बांबूची एक ओली काठी वाटेवर आडवी टाकली. "आमच्यात असं हाय. ज्यानं थांबवा मनलं, त्यानंच उचलाची. दुसरा उचलत नाई. साहेब गेला का येजो अना उचलजो."

मी हो म्हणालो. मला काठीत रस नव्हता. मला बुधवारी तट्ट्यांवर बसलेली मुलं दिसत होती. पुस्तकातलं तेच ते 'ग्रामस्थांचे सहकार्य' मी मिळवलं होतं.

बुधवारी तीस मुलं आली. तीस. केसांना तेल, कपाळं चकचकीत, मुलींच्या वेण्यांत पळसाची फुलं. मी कांब वाजवली. फळ्यावर सुविचार लिहिला, अक्षर वाकडं आलं, पुसून पुन्हा लिहिला. मुलं पाढे म्हणत होती आणि दोन पाढ्यांच्या मधल्या शांततेत बाहेर गावाच्या कडेच्या मोहाची फुलं पडत होती. टप. टप. एखादं शाळेच्या छपरावर. मुलं माना वळवायची. बारा वाजले, एक वाजला. गावातले बापे बांधावर बसून तंबाखू चोळत होते. सगळं गाव साहेबांची वाट बघत होतं, मुलीला बघायला पाहुणे यायचे असले की बघतात तशी.

ऊन उतरल्यावर आला तो नाकेदार, जंगलखात्याचा चौकीवरचा माणूस. त्याच्या खाकी पगडीतून चिठ्ठी निघाली. साहेबांना ताप आला, दौरा तहकूब, पुढली तारीख मागाहून कळवू.

ती चिठ्ठी मी घडी करून हजेरीपटात ठेवली.

इथं मला थांबावं लागतं. त्या संध्याकाळी मी काठी उचलायला गेलो नाही. का गेलो नाही याची कारणं मी तेव्हाही मोजली होती, आजही मोजतो. ताप उतरला तर साहेब उद्याच निघतील, असं एक कारण. गाव एकदा झाडांखाली गेलं की तीन आठवडे परत येणार नाही, असं दुसरं. पण खरं कारण या दोन्हींच्या खाली होतं. तीस मुलं तट्ट्यांवर बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती, आणि ती मला सोडवत नव्हती.

गुरुवारीही मुलं आली. तेल तेवढं नव्हतं. गावाच्या कडेच्या झाडाखालची बुधवारची फुलं आता तपकिरी पडून आंबायला लागली होती, माश्यांचा नुसता घोंगाट. कोणाच्या तरी गाई तिथं शिरल्या आणि खात उभ्या राहिल्या, कोणी हाकललं नाही. दुपारच्या सुमारास मैनीबाई पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, घेऊन शाळेच्या दारात आली. एरवी ती कधी यायची नाही. मुलांना ओंजळीनं पाणी पाजलं. मग पदराला हात पुसत माझ्याकडं न बघता म्हणाली, "गुरुजी, काई सांगाचं हाय का आमाले?"

मी म्हणालो, "नाही."

"नाई ना," ती म्हणाली, आणि गेली.

शुक्रवारी उजाडायच्या आधीच माझे डोळे उघडे होते. आता काही साहेब येत नाहीत हे मला कळून चुकलं होतं. अंगणात गेलो तर रैनू उठून बसलेला. मी चिठ्ठी पुढं केली, जशी काही ती आत्ताच आली. त्याला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "साहेब येत नाहीत. ताप आहे."

"हाव. माईत हाय."

"कसं?"

"नाकेदार पह्यले आमच्या अंगनात पानी पेला ना. बुधवारी. त्यानंच सांगतलं."

बुधवारी. म्हणजे चिठ्ठी माझ्या हातात यायच्या आधी. म्हणजे सबंध गुरुवार त्या गावानं, सगळं माहीत असताना, फुलं पडताना ऐकली आणि जागचं हललं नाही.

"मग काऊन थांबले?" त्याच्याच भाषेत माझ्या तोंडून निघालं.

"काठी तुई होती. तू आला नाई." तो साधेपणानं बोलत होता, रागाचा लवलेश नाही, आणि तेच मला सहन होईना. "पोट्टे मनत, उचलू का? मी मनलं नोका. मैनी मने, गुरुजीले भेव लागून राह्यलं असन. भेव लागल्या मानसाले घाई नाई करा लागत. मंग मनलं, अजून एक दिवस बसू."

मैनीबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "बसलो तं बसलो. आता उचल ना बापा, सूर्य वर येऊन राह्यला."

मी काठी उचलली. ती आता वाळायला लागली होती. बायका टोपल्या घेऊन माझ्या बाजूनं गेल्या. मुलं त्यांच्या मागं पळाली. एकीनं जाता जाता म्हटलं, "गुरुजी, तुमी बी या. नाई तं शाळेत काय माश्या मारान?" सगळ्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवसांची फुलं, घरटी आठ टोपल्या. त्यांतला एक दिवस मी मागून घेतला होता. दुसरा न सांगता घेतला होता.

पुस्तकात असं कुठंच नाही. आमचे शालाव्यवस्थेचे मास्तर वर्गात फार छान शिकवतात. आज्ञा स्पष्ट असावी, आज्ञेचा हेतू सांगावा, आज्ञा पाळली गेली की नाही ते पाहावं. मी वहीत उतरवून घेतो. पण आज्ञा मागं घ्यायची कधी, कोणी, कशी, यावर एक ओळ नाही. रैनूकडं ती ओळ होती. त्याला सही करता येत नाही. हे मी पेपरात कुठल्या गुणाखाली लिहू?

साहेब आले ते पुढच्या आठवड्यात, कार्ड न टाकता. घोड्यावरून. अकराला दहा मिनिटं कमी असताना. मी दारात उभा आणि आत सहा मुलं, ज्यांच्या घरी म्हातारी-आजारी माणसं होती म्हणून मागं राहिलेली. साहेब उंच, चष्म्याचे, बोलणं नागपूरकडचं साफ. तापानं चेहरा अजून ओढलेला. आत आले, भिंतीवरचं वेळापत्रक वाचलं, कव्हरं घातलेली रजिस्टरं पाहिली, मग तट्टे मोजल्यासारखी नजर फिरवली.

"बाकीची मुलं?"

त्या क्षणी मला माहीत होतं की जवळच्या झाडांपर्यंत एका मुलाला पळवलं तर अर्ध्या तासात पंधरा-वीस मुलं धापा टाकत येतील. रैनू पाठवील. एक शब्द विचारणार नाही. हातातली टोपली खाली ठेवून मैनीबाई स्वतः हाकलत आणील. मी तोंड उघडलं आणि सांगणार होतो की आत्ता बोलावतो.

म्हणालो, "मोह वेचायला गेलीत. बोलावली तर येतील. पण मी बोलावणार नाही, साहेब."

साहेबांनी खुर्ची ओढली, आमच्याकडं होती ती एकच. "बसा मास्तर," ते म्हणाले, आणि मी तट्ट्यावर मुलांच्या रांगेत बसलो. मग मी सगळं सांगितलं. काठी, बुधवार, नाकेदार, गुरुवार. माझी लबाडी सांगताना आवाज गेला. मागची एक मुलगी खुदकन हसली, तिला वाटलं गुरुजींचा पाठ चुकला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "एक सांगा. तुम्ही गावाला थांबवलंत. मला का नाही थांबवलंत?"

मला प्रश्नच कळला नाही.

"एक कार्ड टाकायचं होतं. 'मोह सुरू होतो आहे, तपासणी आधी करा किंवा एप्रिलात करा.' मी काय खाणार होतो तुम्हाला?"

खरं सांगतो, ते सुचलंच नव्हतं. मोहाच्या झाडाला थांब म्हणायला निघालो होतो. अख्ख्या गावाच्या पावसाळ्याच्या घासाला थांब म्हणालो. ते मला शक्य वाटलं होतं, सोपंच वाटलं होतं. आणि कार्ड लिहून साहेबांना थांबा म्हणणं, हे माझ्या मनाच्या कुठल्या कोपऱ्यातही आलं नव्हतं. ज्यांनी मला जवळ केलं त्यांच्याकडं मी मागत सुटलो, आणि ज्यांची भीती होती त्यांच्यापुढं नुसता हात जोडून उभा राहिलो. हे एकदा ध्यानात आल्यावर मला माझ्या आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी तशाच दिसायला लागल्या. ब्रह्मपुरीच्या ओसरीवरून पाटी परत मागायची लाज वाटली, ती सुद्धा.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं. मला वाचायला दिलं नाही, बंद करून ठेवलं. ते गेल्यावर मी उघडलं. 'हजेरी सहा. कारण शिक्षकाने प्रामाणिकपणे सांगितले. या शिक्षकास शालाव्यवस्थेच्या शिक्षणाची गरज आहे.'

ते शेवटचं वाक्य शिक्षा आहे की कृपा, याचा निकाल मी त्या उन्हाळ्यात हजार वेळा लावला आणि हजार वेळा फिरवला. घरी आईला काहीच सांगितलं नाही. जूनमध्ये दोन कागद एकाच लिफाफ्यातून आले. शाळा आणखी एक वर्ष तिथंच, पुढचं तपासणीनंतर. आणि मला नॉर्मल स्कूलला पाठवण्यात येत आहे, माझ्या जागी दुसरे मास्तर येतील. मी पुन्हा विद्यार्थी झालो. इथं पहिल्या दिवशी बाकावर बसलो, समोर दौत, कोरी वही, आणि मला रडू यायला लागलं. शेजारचा म्हणाला, "अबे, घरची याद येऊन राह्यली का?" मी हो म्हणालो. ते समजवायला सोपं होतं. सातवी पास माणूस बाविसाव्या वर्षी बाकावर परत येतो हे कोणाच्या उपकारानं, असं विचारलं तर मी काय सांगणार? साहेबांच्या, सरकारच्या. आणि घरटी आठ टोपल्यांच्या.

दोन दिवसांमागं नव्या मास्तरांचं कार्ड आलं. वर्ध्याकडचे आहेत, माझ्यापेक्षा शिकलेले, नववी. अक्षर सुंदर. 'तपासणी पुढील आठवड्यात गुरुवारी ठरली आहे. यावेळी हजेरी न दिसल्यास शाळा जाणार. फुले गळण्याच्या बेतात आहेत. आपण गायत्याकडून वेचणी पुढे ढकलून घेतली होती असे ऐकतो. तो आपणांस फार मानतो. आपले नाव सांगून मी त्याजकडे जाऊ काय? उलट टपाली कळवावे.'

माझं नाव सांगून. रैनू नक्कीच काठी टाकील.

दोन दिवस मी उत्तर लिहिलं नाही. खोलीतले म्हणतात, पेपराच्या भीतीनं याचं जेवण उतरलं. उत्तर लिहिणं अवघड नव्हतं. 'जाऊ नका' एवढंच लिहायचं होतं. पण 'जाऊ नका' लिहून पुढं काय? गुरुवारी साहेब जाणार, तट्टे रिकामे, शाळा सडकेला. मग त्या मास्तरांना काय करायला सांगू? जे मी करायला हवं होतं ते? आणि ते आता करायचं कोणी? कार्ड इथून तिथं जायला चार दिवस, तिथून साहेबांकडं परत यायला चार. गुरुवार त्याच्या आधी येतो. साहेबांची कचेरी मात्र इथंच, चांद्यात, आमच्या नॉर्मल स्कूलपासून हाकेच्या अंतरावर.

आज सकाळी गेलो. तीनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो, हे लिहायला लाज वाटते, पण फिरलो. एकदा चपराशी म्हणाला, "काम सांगा, नाई तं सावलीत बसा, असे येरझारा नोका घालू." मनात येत होतं, मी कोण? माझं काय पद? ती शाळा आता माझी नाही. परीक्षा त्यांच्याच खात्याची, निकाल त्यांच्याच सहीचा. उद्या म्हणतील, पाठवला शिकायला आणि हा आम्हालाच शिकवतो. मग मी आत गेलो, कारण चौथ्यांदा परत फिरलो असतो तर चपराश्यानं हाकललंच असतं.

साहेब मोठ्या तक्त्यावर वाकून होते. दौऱ्याचा तक्ता, गावं एकाखाली एक, पुढं तारखा. त्यांनी मला ओळखलं. "बोला मास्तर."

मी उभ्यानंच सांगितलं. नव्या मास्तरांचं कार्ड सांगितलं, गुरुवार सांगितला. म्हणालो, "साहेब, तपासणी पुढं न्या. गावाला थांबवायला सांगू नका कोणी."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. साहेबांनी दौतीत टाक बुडवला, आमच्या गावापुढची गुरुवारची तारीख एका रेघेनं खोडली, आणि टाक तसाच धरून विचारलं, "बरं. मग कधी येऊ?"

मी तोंड उघडलं. एप्रिलची कुठलीतरी तारीख सांगून टाकावी, साहेबांना ताटकळत ठेवू नये, असं वाटलं. पण मला ती माहीत नव्हती.

"ते अजून ठरायचं आहे, साहेब," मी म्हणालो. "फुलं संपली की गायता सांगेल."

टाकाच्या टोकावर शाई जमत होती, आता तक्त्यावर पडेल असं मला वाटत होतं. मग त्यांनी टाक दौतीत परत ठेवला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सांगितलं की कळवा मला."